दीड महिन्याचा श्रावण

काळाचं आणि उज्जैनचं नातं फार पुरातन आहे. पूर्वीचे ज्योतिषी रेखांश मोजायला इथूनच सुरुवात करत. जगाची मध्यान्ह इथे ठरत असे. ही गोष्ट उज्जैनचा प्रत्येक माणूस छाती फुगवून सांगतो, आणि सांगणारा ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा आलेला असतो.

मृण्मयीलाही त्या सोमवारी उशीरच झाला होता. कॉलेजात ती धर्मांचा इतिहास शिकवायची. वर्ग खोळंबला होता, तरी देवास गेटच्या पोहेवाल्यासमोर तिचे पाय थांबले. पावसाची भुरभुर, कढईवरची वाफ, शेव, जीरावन मसाला... तिने प्लेट पुढे करून आणखी प्याज मागितला. उज्जैनच्या मराठी घरांत कांद्याला प्याज म्हणतात.

शेजारी छत्री मिटत एक तरुण उभा होता. बोटं नखांपर्यंत निळी. त्याने आधी प्लेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पदर चाकात अडकतोय हे सांगावं तितक्या हळू आवाजात म्हणाला, "मॅडम... सावन का सोमवार है."

"तुमचा असेल," ती म्हणाली. "आमचा अजून आषाढ आहे."

यात खोटं काही नव्हतं. हिंदी घरांचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी घरांचा अमावस्येला. म्हणून एकाच गल्लीत शेजाऱ्याचा श्रावण पंधरा दिवस आधी येतो आणि पंधरा दिवस आधी जातो. मृण्मयीचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायला आले, त्याला दोन शतकं उलटून गेली. तेवढ्या काळात घरातली मराठी अर्धी हिंदी झाली, श्रीखंड मागे पडून रबडी आली, पण पंचांग तसूभर हललं नाही. घराण्याकडे दागिने नव्हते, जमीन नव्हती. स्वतःचा श्रावण होता.

"आणि हा आषाढ... कब तक?" त्याने विचारलं. मराठी मित्रांत वाढल्यामुळे त्याला मराठी चांगली येत होती. फक्त वाक्य कुठल्या भाषेत संपेल याची खात्री नसायची.

"अमावस्येपर्यंत."

"म्हणजे तोपर्यंत मी रोज प्याजशिवाय कोरडे पोहे खात तुमच्याकडे बघायचं?"

"बघायला कुणी सांगितलंय?"

"मैं तो प्याज को देख रहा था," तो म्हणाला.

त्याचं नाव विक्रांत. भैरवगढला त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या कापडावर ठशांची छपाई चालायची. बोटं त्या रंगाने निळी होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. शहराच्या पार टोकाच्या भैरवगढहून देवास गेटला पोहे खायला येणारा माणूस पोह्यांसाठी येत नाही, हे कळायला धर्मांचा इतिहास शिकावा लागत नाही. मृण्मयीने ते ओळखलं, आणि मुद्दाम त्याच्यासमोर कांदा चावून चावून खाल्ला.

मग तिचाही श्रावण लागला. तो पंधरवडा दोघांचा सामाईक. दोघे कोरडे पोहे खात, रामघाटावर जात, चढलेली क्षिप्रा बघत, आणि छत्री एकच पुरते असं ठरवत. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

राखी पौर्णिमा झाली. त्याचा श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी पोहेवाल्याने त्याच्या प्लेटवर मूठभर कांदा टाकायला हात उचलला, आणि विक्रांतने प्लेट मागे घेतली.

"अरे... तुझं सावन संपलं ना?" मृण्मयी म्हणाली.

"माझं संपलं," तो प्लेटकडे बघत म्हणाला. "तुझं नाही ना."

त्याच्या श्रावणात आपण किती कांदा खाल्ला, ते तिला आठवत होतं... त्या दिवशी वर्गात तिला शिकवायचं होतं की ईस्टरच्या तारखेवरून ख्रिश्चनांच्या दोन शाखा शतकानुशतकं एकमत करू शकल्या नाहीत. ती खिडकीबाहेर बघून एवढंच म्हणाली, की त्यांनी एकत्र बसून पोहे खाल्ले नसतील.

आता प्रश्न अक्कांचा होता. अक्का म्हणजे मृण्मयीची आत्या, माधव नगरात राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घरातली लग्नं त्यांच्या होकाराशिवाय होत नसत. विक्रांत भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "जातपात आम्ही मानत नाही हो. पण पंचांग मानतो. लग्नानंतर घरात श्रावण कुणाचा?"

विक्रांतच्या आईने आधीच बजावलं होतं, की बहू को हमारा सावन रखना पड़ेगा. आणि मृण्मयी... दोन शतकं टिकलेली गोष्ट आपल्या हातून सुटावी, हे तिला सोसणार नव्हतं. विक्रांत सुटावा, हेही नाही.

विक्रांतने कप खाली ठेवला.

"अक्का, आज सोमवार. महाकालची सवारी निघणार ना?"

"निघणार म्हणजे काय. शेवटची, सगळ्यात मोठी."

"आमचा सावन तर दहा दिवसांपूर्वीच संपला. हमारे हिसाब से भादों है. फिर बाबा किसके लिए निकल रहे हैं?"

उत्तर अक्कांना पाठ होतं. मराठी माणसांचा श्रावण पुरा व्हावा म्हणून दर श्रावण सोमवारी पालखीतून निघणारा देव भाद्रपदातही निघतो, हे उज्जैनच्या मराठी घरात पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात.

"देव दोन्ही पाळतो," विक्रांत म्हणाला. "मी... त्याच्यापेक्षा मोठा थोडीच आहे?"

अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मान तेवढी जरा ताठ झाली होती.

"आमच्यासाठी देव पंधरा दिवस जास्त चालतो," त्या भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, "जावयानेही चाललं पाहिजे."

संध्याकाळी पालखी आली तेव्हा अक्कांनी गर्दीत विक्रांतलाच आपला हात धरायला लावला. त्याच्या दुसऱ्या हाताला मृण्मयीची बोटं होती. तिच्या तळव्यावर थोडा निळा रंग उतरला, आणि तिने तो धुतला नाही.

लग्न मार्गशीर्षाच्या शुक्ल पक्षात झालं. त्या पंधरवड्यात दोन्ही पंचांगांचं एकमत असतं. दोन्ही श्रावण पाळायचे, असं दोन्ही घरांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. दीड महिन्याचा तर प्रश्न होता.

पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला. घरात कांदा अडीच महिन्यांनी शिरला.