टाकीमागचा रूळ

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

असलं काही रात्रीच घडतं, अशी माझी समजूत होती. हे भर दुपारी घडलं. सव्वातीन वाजता, रणरणत्या उन्हात, आमच्या घरामागच्या बागेत.

माझा धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. घरात सगळे त्याला बारक्या म्हणायचे. सुट्टी मिळाली की तो बागेत छोटी रेल्वे बांधत बसायचा. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे. पितळी रूळ, खाली बारीक खडी, वर विजेवर धावणारं हातभर इंजिन. गुलाबाच्या वाफ्याला वळसा, पाण्याच्या टाकीमागून फेरी, आणि परत घराच्या पायरीशी.

तीन महिन्यांपूर्वी टाकीमागे शेवटचा रूळ बसवताना तो गेला. हार्ट अटॅक. वय सदतीस.

तेव्हापासून आईची अन्नावरची वासनाच उडाली. आधी दोन घास, मग वाटीभर दूध, मग तेही नको.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "औषधाने पोट भरत नाही. त्यांनी खाल्लं नाही, तर पंधरा दिवस काढणंही कठीण आहे."

मी आईच्या हातापाया पडलो. ती एवढंच म्हणाली, "त्याची गाडी एकदा पूर्ण फिरू दे. मग बघू."

आता मी कारकून माणूस. खिळा ठोकायचा तर आधी स्वतःचा अंगठा ठोकून घेतो. तरी रूळ बसवायला बसलो. उरला होता एकच तुकडा, दीड हाताचा.

दोन रूळ जोडायला टोकांना धातूची छोटी पट्टी असते. रूळ त्या पट्टीत सरकवायचा, झालं. पण मधला शेवटचा तुकडा सरकवणार कुठे? त्याला पुढेमागे जागाच नसते. तो जरा वाकवून दोन्ही टोकं एकदम बसवावी लागतात. एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते.

मी एकटाच होतो. हे टोक बसलं की ते निसटायचं.

त्यात माझी अक्कल बघा. तुकडा मापात कापला सकाळच्या गारव्यात आणि बसवायला गेलो दुपारी. उन्हाने पितळ वाढलं होतं. कितीही रेटलं तरी तो जागेत मावेना.

बायको म्हणाली, "अहो, मी धरते ना एक टोक. आईंच्या जिवापेक्षा तुमचा हट्ट मोठा आहे का?"

मी तिच्यावर खेकसलो.

कारण तिला खरं सांगता येत नव्हतं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो गेला त्या दुपारी बारक्याने मला हाक मारली होती. "दादा, जरा येऊन टोक धर रे!" मी आतूनच "आलो, आलो" म्हणालो आणि मॅच बघत बसलो.

दीड तासाने उठलो. तो टाकीमागे पालथा पडला होता. हातात रूळ तसाच होता.

म्हणून हा तुकडा मला एकट्यालाच बसवायचा होता. तेवढंच करून माझं पाप थोडं हलकं होईल, असं वाटत होतं.

माझ्या या खटपटीच्या सहाव्या दिवशी आईला उठून बसताही येईना. मी टाकीमागे खडीत बसून ढसाढसा रडलो. "बस रे बाबा, पाया पडतो तुझ्या," असं त्या पितळेच्या तुकड्याला म्हणालो.

आणि एकदम सगळं गप्प झालं...

शेजारी भिंतीला ड्रिल चालू होतं, ते ऐकू येईना. पाखरं गप्प. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाजही बंद. वर बघितलं तर पाणी पडतच होतं.

मी माझं टोक पट्टीत घातलं. समोरचं टोक निसटायला हवं होतं...

निसटलं नाही.

कुणीतरी अंगठ्याने दाबून धरावं तसं ते स्थिर राहिलं. त्या टोकापलीकडची खडी खचू लागली. शेजारी शेजारी दोन खळगे. माणूस गुडघे टेकून बसला की पडतात तसे.

टक्...

दोन्ही टोकं बसली. त्या उन्हात, त्या मापात बसणं शक्यच नव्हतं.

मी घरात धावलो. आईला उचलून पायरीवर आणलं, पाठीशी उशी दिली आणि गाडी सोडली.

इंजिन टाकीमागे गेलं. तिथून बाहेर यायला तीन सेकंद पुरतात. मी मोजत होतो. तीन... दहा... वीस... चाकांचा आवाजही नाही.

मग गाडी सावकाश बाहेर आली.

आई हसली. "काहीतरी खायला दे रे," म्हणाली. मला रडू आवरेना.

पुढचे पंधरा दिवस ती पोटभर जेवली. काठी टेकत चालायलाही लागली. दुपारी मात्र टाकीमागे स्टूल टाकून बसायची. मी गेलो की बोलणं थांबवायची.

एकदा मी टाकीच्या अलीकडेच उभा राहिलो. ऐकू येत होता फक्त तिचा आवाज.

"नाही रे, असं नको बोलू. थोरला आहे तो तुझा..."

मग ती थांबली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"हो, दीड तास. सांगितलंस तू. पण मला तो एकटाच उरलाय..."



"त्याला नको नेऊस. मी येते ना. त्याला राहू दे."

मी पावलांचा आवाज न करता मागे फिरलो.

त्या संध्याकाळी आईने ताट बाजूला सारलं. "भूक नाही रे."

दुसऱ्या दिवशी मी सगळे रूळ उखडले. इंजिन फोडलं, खडी उचलून बाहेर टाकली. तरी सव्वातीन वाजता टाकीमागून चाकांचा आवाज येतोच. बायकोलाही येतो. तिला आता मी सगळं सांगितलंय.

काल मी तिथे मातीत डोकं टेकलं. "चुकलो रे बारक्या. मला ने. आईला सोड."



आज पाचवा दिवस. आईच्या पोटात अन्नाचा कण नाही. डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. मी चमचा घेऊन तिच्या उशाशी बसलोय. ती माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि समजूत घालते, "तू घाबरू नकोस, बाळा. मी बोललेय त्याच्याशी."