बंद खोलीतले सात हर्ट्झ

१४ नोव्हेंबर, येना, जर्मनी. बाहेर उणे दोन, धुकं, वारा नाही.

आज दुपारी बाराला मोजणीचे दोनशे दिवस पूर्ण व्हायचे होते. तळघरातल्या बंद खोलीत एका अतिथंड पेटीत नीलमण्याचा स्फटिक आहे. त्याच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये प्रकाश सतत ये-जा करतो. त्या प्रकाशाची कंपनं आम्ही अणुघड्याळाशी ताडून बघतो. निसर्गाचे स्थिरांक कणभर जरी बदलत असले, तरी दोघांमधला फरक दिवसेंदिवस वाढत जाईल. आजवर पडद्यावरची त्या फरकाची रेषा सपाट होती.

खोलीत माणूस शिरला की वजनाने फरशी केसभर कलते आणि रेषा चढते. माझ्यामुळे पाच हर्ट्झ, माझी सहकारी वीबके हिच्यामुळे तीन. आमचे जुने तंत्रज्ञ क्नुपे लंगडत चालायचे; त्यांची चढण दोन टप्प्यांत, आधी चार, मग तीन. स्फटिकाची बैठक त्यांनीच बांधली होती. ऑगस्टमध्ये ते वारले.

दहा वाजून दहा मिनिटांनी रेषा चारने चढली. मग तीनने. आणि तिथेच थांबली.

"कोण घुसलंय आत?" वीबके ओरडली. ही मोजणी म्हणजे तिचा प्रबंध. "लाज वाटत नाही लोकांना, शेवटच्या दिवशी!"

"किल्ली माझ्या खिशात आहे."

ती पडद्याजवळ वाकली. "म्हणजे स्फटिकच सरकला. दोनशे दिवस कचऱ्यात." मग हळूच म्हणाली, "हाइनर... आत माणूस होता असं लिही ना. तेवढाच वेळ वगळू, बाकीचं वाचेल."

"नोंदवहीत नाव लागतं, बाई. कुणाचं लिहू?"

"तुला माहितीये कुणाचं..."

"मेलेल्यांची हजेरी मी लावत नाही."

बारापर्यंत दार उघडायचं नाही, असा नियम. आम्ही बसून राहिलो. रेषा हलली नाही.

बारा वाजून चार मिनिटांनी मी आत गेलो. पंपाची घरघर, थंड धातूचा वास. दिवा लावला. कोणी नव्हतं.

"पाचने चढली," वीबकेचा आवाज बाहेरून आला. "एकूण बारा."

बैठकीचे स्क्रू तपासले. घट्ट होते. बाहेर आलो.

"पाचने उतरली."

मी दार ओढायला लागलो.

"थांब... लावू नकोस. चारने उतरली."

मी दार धरून उभा राहिलो.

"तीनने."

दोनशे दिवसांची मोजणी ग्राह्य. बदल आढळला नाही. वगळलेला वेळ: १०.१० ते १२.०६. कारण: खोलीत माणूस. नाव: क्नुपे.