रिकामे फोटो

धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, तिथे समोरून येणारा माणूस कुठला दिसणार? नीलूफर बांधावरून भरभर निघाली होती आणि तौफिक समोरून खांद्यावर रसाची कावड घेऊन येत होता. धडक झाली, कावड हिंदकळली आणि खजुराच्या झाडाचा थंडगार रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

"माफ करा, आपा," तो म्हणाला. कुसुमडांगा गावात सरकारी कामावर आलेली कुठलीही बाई आपाच, म्हणजे थोरली बहीण. "पण वाया नाही गेला. चाखून बघा... आत्ताच उतरवलाय."

नीलूफरने पिशवीतून साबण काढला आणि तळ्याच्या काठाशी बसून हात घासायला घेतला. एकदा धुतला, परत धुतला. तो कावड खाली ठेवून बघत राहिला.

"पाहुण्याला रस दिला की पाहुणा पितो. हात धुणारी पाहुणी पहिलीच."

"मी आरोग्य खात्यातली आहे."

"अच्छा — म्हणजे आमचा रस बंद करायला आलात."

"बंद करायचा की नाही, ते बघायला आलेय," ती म्हणाली, आणि उगाचच आणखी एकदा हात धुतला.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात कच्चा रस पिऊन दोघं निपाच्या तापाने गेले होते. रात्री वटवाघळं रसासाठी झाडाला पाडलेल्या खाचेला तोंड लावतात, मडक्यात घाण करतात, आणि सकाळी तोच रस माणसाच्या पोटात जातो. जिल्ह्यात रस काढण्यावरच बंदी घालायचं घाटत होतं. कुणीतरी मधला मार्ग सुचवला होता: खाचेपासून मडक्यापर्यंत बांबूच्या कामट्यांचा पडदा, म्हणजे 'बाना', बांधायचा. पण त्याने वटवाघळं खरंच अडतात का? "मला मत नको, पुरावा आण," असं खात्यातल्या वरिष्ठ जोहरा मॅडमनी नीलूफरला बजावून पाठवलं होतं. म्हणून काही झाडं उघडी, काहींना बाना, आणि प्रत्येक झाडासमोर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा.

बाने विणायचं काम तौफिककडे आलं. तो शहरात बी.ए. होऊन बापाच्या, म्हणजे रस काढणाऱ्या गाछीच्या, धंद्यात परतला होता. नोकरी करायची नव्हती असं तो म्हणायचा; मिळाली नव्हती असं गाव म्हणायचं. तो झाडावर चढून बाना बांधायचा आणि नीलूफर खालून दोरी धरायची. दोरी धरायला खरं तर कुणीही चाललं असतं.

"हे फोटो बघतं कोण?" त्याने वरूनच विचारलं.

"मीच. बाना बांधलेल्या झाडांचे आधी बघते. तिथे कुणी यायला नको ना."

"कुणीच?"

"कुणीच," ती हसत म्हणाली. त्या हसण्याचा त्याने काय अर्थ घेतला, ते तिला पुढे कळलं.

दुसऱ्या आठवड्यात ती ऑफिसात चहा घेऊन फोटो बघायला बसली. उघड्या झाडांवर वटवाघळं खाचेला जिभा लावून मजेत लटकलेली. बान्याच्या झाडांवर एकही नाही. होता तो तौफिक. हातात पाटी धरलेली, पाटीवर खडूने लिहिलेलं: 'जेवलात का, आपा?'

पुढच्या फोटोत कानामागे झेंडूचं फूल. त्याच्या पुढच्यात गरम 'पिठा', तांदळाच्या पिठाचं गोड धिरडं, कॅमेऱ्यापुढे धरून तो तिला खिजवत होता. नीलूफर एकटीच खुदकन हसली, मग दाराकडे बघून गप्प झाली.

ती रोज वटवाघळांच्या आधी त्याचे फोटो शोधायला लागली. आणि रोज गोंधळायची. 'जेवलात का' हे तर गावात कुणीही कुणालाही विचारतं. पण झेंडू? झेंडू कुणी कुणासाठी कानामागे लावतं का? की तो सगळ्यांशीच असा आहे? किती घरं पाहिली म्हणजे गावाबद्दल बोलता येतं, हे तिला शिकवलं होतं. किती फुलं पाहिली म्हणजे माणसाबद्दल बोलता येतं, ते कुठल्याच वर्गात आलं नव्हतं.

अहवाल लिहायला घेतला त्या दुपारी तिची नजर फोटोच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. तो संध्याकाळी मडकी बांधायला येतो तेव्हाचे हे फोटो, असं ती धरून चालली होती. वेळ मध्यरात्रीची होती. सगळ्याच फोटोंवर. हा वेडा रात्र रात्र कंदील घेऊन बान्याच्या झाडांखाली बसत होता, कारण ते फोटो ती आधी बघते.

मग वटवाघळं बान्याला अडली, की कंदिलाला घाबरली?

त्याचे फोटो पुसले की अहवाल चोख होता. बंदी टळली असती, त्याचा हिवाळा वाचला असता. तिने बोट बटणावर नेलंही. मग उठली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणाली, "पुरावा बिघडला. थोडा माझ्यामुळेच."

मॅडमनी झेंडूचा फोटो बराच वेळ पाहिला. "सगळं पहिल्यापासून पुन्हा कर," एवढंच म्हणाल्या. "आणि निकाल लागेपर्यंत कच्च्या रसाची विक्री बंद."

तौफिकला तिने तळ्याकाठीच गाठलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"पुसून टाकायचे होते," तो म्हणाला. "कुणाला कळलं असतं?"

"बाना कुचकामी निघाला असता आणि एखादं पोर तापाने फणफणलं असतं, तर तुम्हाला नसतं कळलं?"

तो पायाने काठावरची माती उकरायला लागला.

"आता झाडांकडे फिरकू नका. मडकी तुमचे अब्बा बांधतील."

"ठीक आहे, आपा," तो म्हणाला आणि वळून चालायला लागला. त्या 'आपा'त राग होता की दुसरंच काही, ते काही केल्या तिला कळेना.

नवे फोटो आले. उघड्या झाडांवर वटवाघळं तशीच. बान्याच्या झाडांवर कुणीच नाही. कंदील नाही, पाटी नाही, झेंडू नाही. हवा तसा निकाल हाती होता, आणि तिचे डोळे भरून आले होते. तिने सगळे फोटो परत पाहिले. एखाद्या कोपऱ्यात निदान त्याच्या चादरीचं टोक तरी... नव्हतं.

मॅडमनी निर्णय दिला: बाना असेल त्या झाडाचा रस काढायला मोकळीक, पण पिताना उकळूनच. निरोप द्यायला ऑफिसचा माणूस पुरला असता. नीलूफर स्वतः गेली.

तौफिक अंगणात चुलीवर रस उकळत होता.

"एकदाही आला नाहीत," ती म्हणाली.

"तुम्हीच नको म्हणालात."

"झाडाखाली नको म्हटलं होतं. ऑफिसात तर कॅमेरा नाही."

"ऑफिसात आलो असतो, तर गाछी शिफारस लावायला आला म्हणाले असते. तुमच्या कामाला परत बट्टा नको होता." त्याने चूल सारखी केली. "एकदा निघालो होतो... बांधापर्यंत आलो आणि परत फिरलो."

"मला वाटलं, रागावलात."

"रागावलो होतोच. दोन दिवस. मग नुसती आठवण यायची."

ती चुलीपाशी बसली. "तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "फुलं लावून बसायचात तेव्हा खात्री नव्हती. सगळे फोटो रिकामे निघाले, तेव्हा झाली."

त्याने वाफाळता रस पेल्यात ओतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "उकळलेला आहे, आपा."

"आपा नाही."

"उकळलेला आहे... नीलूफर."

तिने एक घोट घेतला. तो श्वास रोखून बघत होता.

"कसा आहे?"

"एका घोटावरून कसं सांगणार?" ती म्हणाली. "रोज प्यावा लागेल."