गार इंजिन खरं बोलतं

धडाम्!

त्र्यंबक नाक्यावर असा काही बार उडाला की जयराम पगारे सायकलसकट कडेच्या भाजीवालीच्या कोथिंबिरीत जाऊन पडला. भाजीवाली ओरडली, कावळे उडाले, आणि जयरामला क्षणभर वाटलं, संपलो आपण.

संपला नव्हता. समोर एक जुनी विलायती मोटार आचके देत, धूर ओकत उभी होती. तिच्यातून जी उतरली तिला पाहून मात्र त्याला दुसरा हादरा बसला. चोविशीची मुलगी, मोतिया साडी, खांद्याला शबनम… आणि गाडीत दुसरं कुणीच नाही! १९८१ साल होतं. नाशकात बायका मोटार चालवत नव्हत्या असं नाही, पण इतकी आजारी मोटार इतक्या तोऱ्यात चालवणारी त्यानं तरी पाहिली नव्हती.

"फार लागलं का हो?" तिनं विचारलं.

"दोन आणि तीन," जयराम म्हणाला.

"अगं बाई… डोक्याला लागलंय वाटतं."

"नाही हो! गाडीच्या दोन आणि तीन नंबरच्या वायरी उलट लागल्यात. आवाजावरून कळतं. इंजिन नुकतंच बदललंय का?"

आता चाट पडायची पाळी तिची होती. "तुम्हाला कसं कळलं?"

जयराम सातपूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा मास्तर होता, आणि ज्ञान दाखवायची संधी सोडणाऱ्यातला नव्हता. त्यानं तिथंच वर्ग भरवला. जुन्या इंजिनाचे सिलिंडर एक-दोन-चार-तीन असे पेटायचे. टॅक्सीतून काढून बसवलेलं हे इंजिन एक-तीन-चार-दोन असं पेटतं. ते बसवणाऱ्या लहानू मिस्त्रीचा हात वीस वर्षं जुन्या क्रमाला सरावलेला. त्यानं इंजिन दुसरं बसवलं आणि वायरी सवयीनं लावल्या. एवढं सांगून जयरामनं ऐटीत वायरीला हात घातला… आणि फूटभर मागे उडाला. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

"करंट बसला?" ती ओठ दाबत म्हणाली. "मास्तर, आधी इंजिन बंद करायचं असतं. मी शाळेत मुलींना फिजिक्स शिकवते."

हसताना तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. जयरामनं वायरी बदलल्या, गाडी शहाण्यासारखी चालू लागली. त्याचं स्वतःचं काय झालं ते त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

तिचं नाव श्यामला. वडील यज्ञेश्वरशास्त्री, ती त्यांना दादा म्हणायची, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून रोज पहाटे इंदिरानगरच्या घरून घाटापर्यंत तीच त्यांना गाडीनं पोचवायची. पण गाडीचं एक दुखणं उरलंच होतं. सकाळी ती चालूच व्हायची नाही. स्टार्टर कण्हायचा, आणि शेवटी शेजाऱ्यांनी ढकलली की मगच गाडी सुरू व्हायची.

"दुपारी दाखवून उपयोग नाही," जयरामनं सांगितलं. "गरम इंजिन खोटं बोलतं. रात्रभर गार पडलेलं इंजिनच खरं बोलतं. मी पहाटे येतो. माझ्याआधी कुणी चावी लावायची नाही. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलून बघायची."

"म्हणजे दिवसाला एकच प्रयोग?"

"एकच."

"मग बरेच दिवस लागतील…" ती म्हणाली. काळजीनं म्हणाली की कसं, हे त्याला ओळखता आलं नाही.

सोमवारी साडेपाचला नाशिक रोडहून सायकल हाणत तो हजर झाला. ओसरीवरून शास्त्रीबुवांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"पगारे."

शास्त्रीबुवा जरा थांबले. "बरं," म्हणाले आणि आत गेले. चहा बाहेर आला, बॉनेटवर. जयरामनं तो उभ्यानंच प्यायला. त्याला सवय होती; कप त्यानं न सांगता स्वतःच विसळून ठेवला.

सोमवारी प्लग बदलले. मंगळवारी त्यानं प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. श्यामला शाल गुंडाळून बॅटरी धरून उभी होती, आणि बॅटरीचा उजेड इंजिन सोडून त्याच्या कानावर पडत होता.

"इकडे धरा… हे पॉइंट. ही दोन टोकं मिटतात, उघडतात, म्हणून ठिणगी पडते. मध्ये साधा कागद अडकला तरी गाडी मेली."

"साधा कागद?"

"साधा कागद."

बुधवारी कार्ब्युरेटर झाला. गाडी ढिम्म. गुरुवारी श्यामला चावी फिरवत असताना जयरामचा हात चोकच्या तारेला लागला आणि तो ओरडलाच. तार चटका बसण्याइतकी तापली होती!

"बाई, या इंजिनाला हा रुपेरी रंग कुणी दिला?"

"मी. बसवायच्या आधी. खंडेनवमीच्या पूजेला चकचकीत दिसावं म्हणून दोन हात दिले."

"करंट परत बॅटरीकडे नेणारी अर्थिंगची पट्टी बसते त्या जागीसुद्धा?"

"सगळीकडे. मी कुठलंही काम अर्धवट…" ती एकदम गप्प झाली. फिजिक्स आठवलं असावं. "अय्या! रंगातून करंट कसा जाणार?"

"नाहीच जात. म्हणून बिचारा चोकच्या तारेतून वाट काढतोय."

जयरामनं पट्टी सोडली, खालचा रंग खरवडला, पट्टी आवळली. चावी फिरताच गाडी गर्जली. श्यामलानं टाळी वाजवली… आणि तिचे हात तसेच राहिले. आजार सापडला होता. आता वैद्याचं काय काम?

"उद्या गार असताना एकदा बघून जातो," जयराम कसाबसा म्हणाला. शुक्रवारी गाडी एका फटक्यात चालू झाली. "तरी शनिवारी… एकदा खात्री करतो."

शनिवारी धुकं होतं. चावी फिरली. स्टार्टर झकास फिरला, पण गाडी चालू होईना! शेजाऱ्यांनी कोपऱ्यापर्यंत ढकलून परत दारात आणली. तरी हूं की चूं नाही. जयराम हबकला. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, पट्टी घट्ट आहे.

"ते झाकण उघडा ना," श्यामला म्हणाली.

"तिथं काही नसणार. पॉइंट मी स्वतः सेट केलेत."

"मास्तर, स्वतःचं काम परत तपासायचं नाही, असं शिकवता का पोरांना?"

तो चिडला. चिडूनच त्यानं झाकण काढलं, आणि तिथंच थबकला. दोन टोकांच्या मध्ये, नीट घडी घातलेला, एक कागद होता.

जयरामनं तो उलगडला. फळ्यावर असतं तसं स्वच्छ अक्षर. 'उद्या पुण्याची माणसं मला बघायला येणार आहेत. दादांशी बोलायचं असेल तर आजच बोला. नसेल तर कागद होता तसा ठेवा. मी समजेन.'

त्यानं मान वर केली. ती धुक्यात पाठमोरी उभी होती, आणि शालीचा काठ मुठीत घट्ट आवळलेला होता. एवढी तोऱ्यातली मुलगी… पण घाबरली होती.

त्यानं कागद खिशात घातला, झाकण लावलं. "चावी फिरवा, श्यामला."

पहिल्यांदाच तो 'बाई' म्हणाला नाही. गाडी एका फटक्यात चालू झाली. ती तशीच गुरगुरत सोडून जयरामनं चपला काढल्या आणि सहा दिवसांत पहिल्यांदा ओसरीची पायरी चढला.

"काय बिघडलं होतं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"कागद अडकला होता, दादा."

"वाचलास?"

मागे श्यामला किंचाळलीच, "दादा! तुम्हाला…"

"मला दिसत नाही गं. पण काल संध्याकाळी तू चार कागद लिहून फाडलेस, ते ऐकू येतं मला." ते जयरामकडे वळले. "बोल."

"मला… श्यामलाशी लग्न करायचंय. मी कोण, ते तुम्हाला माहीत आहे."

शास्त्रीबुवांनी दारातल्या गाडीच्या आवाजाकडे कान दिला.

"माझ्या घाटावरची माणसं काय म्हणतील, तेही मला माहीत आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी हो म्हटलेलं नाही. पुण्याला तार तेवढी करतो, येऊ नका म्हणून. तू उद्या पहाटे ये. आत्ता तू तापलेला आहेस. रात्रभर गार पड, आणि मग सांग. पद्धत तुझीच आहे ना?"

रविवारी साडेपाचला जयराम फाटकाशी आला, तेव्हा ओसरीवर दिवा होता. पाटावर दोन कप होते, आणि त्यांच्या शेजारी रिकामा पाट.

"हं," शास्त्रीबुवा म्हणाले. "काय म्हणतोस?"

"तेच म्हणतोय, दादा."

आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. बहुतेक बशी.

"बस मग," शास्त्रीबुवा म्हणाले. "चहा निवतोय."