डाव्या दिव्यापुढे

सुरुवात झाली ती अगदी साध्या कामाने. गाडीचे लाइट बदलायचे होते.

दोन हजार दोन सालचा मार्गशीर्ष. हर्षाली तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मोठ्या माणसांच्या प्रत्येक ‘राहू दे’वर तिचा एकच सवाल असे, ‘का म्हणून?’ वडिलांची, आण्णांची, पिकअप जुनी झालेली. कंपनीचे लाइट असे मिणमिणते की वाटावं पुढे कुणी काजवे बांधलेत. त्यात अंधार पडला की आण्णांना कमी दिसायचं. ते कबूल करत नसत. पण रात्री जेवताना ताटातली चटणी ते बोटांनी चाचपत शोधत, हे तिने पाहिलं होतं.

आणि हाच माणूस रोज दिवस मावळताना टोमॅटो मार्केटला टाकून येडगावच्या कालव्याकडेने एकटा घरी यायचा. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला काठोकाठ पाणी. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता आण्णाही असेच एखाद्या संध्याकाळी गेले तर... हा विचार आला की हर्षालीला रडू येत नसे, संताप येई.

“आण्णा, आज लाइट बदलायचे म्हणजे बदलायचे.”

“कशाला? मला दिसतंय की समदं.”

“काय दिसतंय? परवा म्हशीला ‘रामराम पावणं’ म्हणालात!”

“म्हस वळखीची व्हती,” आण्णा म्हणाले. पण गाडीत बसले.

वारूळवाडीच्या गॅरेजात नवाबचाचांनी जुने दिवे खोलले आणि हसले. “भाऊ, कंपनीचा लाइट आरटीओला दाखवायला असतो. रस्ता दाखवायला न्हाई.” त्यांनी नव्या काचा बसवल्या, मोठे हॅलोजन घातले, बटण जळू नये म्हणून जाड वायर थेट बॅटरीपासून ओढून मध्ये रिले टाकला. आण्णा स्टुलावर बसून जुन्या दिव्यांकडे बघत होते. कुणाला तरी पोचवायला आल्यासारखे.

काम संपेपर्यंत अंधारून आलं. वीज गेलेलीच होती. फोकस लावायला नवाबचाचांनी गाडी समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर कोळशाने रेघ मारली आणि आण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

“हं, द्या बटण.”

भिंत दुधासारखी उजळली. उजवा गोल बरोबर रेघेवर बसला. डाव्या गोलात मात्र सावली होती.

“ओ ताई, जरा बाजूला व्हा,” नवाबचाचा खाली वाकूनच म्हणाले. “फोकस अडतोय.”

हर्षाली गाडीच्या पार मागे उभी होती. दिव्यापुढे कुणीच नव्हतं.

नवाबचाचांनी मान वर केली. फडक्याने काच पुसली, पुन्हा पुसली. सावली हलली नाही. बाईची होती. पदर कमरेला खोचलेला, आणि एका हातात लोंबणाऱ्या चपला. डिझेलच्या वासात अचानक ओल्या चिखलाचा वास मिसळला... कालव्याच्या चिखलाचा.

आण्णांनी आतूनच बटण बंद केलं.

“बास. चांगलं बसलंय.”

निघताना नवाबचाचा खिडकीवर हात ठेवून हळूच म्हणाले, “भाऊ... सावकाश जावा.”

डांबरी रस्ता संपला. मग कालव्याची वाट लागली. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. खाली पाण्याचा एकसुरी आवाज. आण्णांनी पहिला गिअर टाकला आणि लाइट मोठे केले. लख्ख उजेडात वाट दूरवर उघडी पडली. आणि तिच्या डाव्या अंगाला, गाडीपासून सुरू होऊन थेट अंधारात शिरलेली, लांबच लांब सावली चालत होती.

एक पाऊल टाकायची, दाबून बघायची, मग दुसरं.

हर्षालीला ती चाल ओळखायला वेळ लागला नाही. कालवा पाझरला की ही वाट आतून लोण्यासारखी मऊ होते, वरून कळत नाही. मग आई गाडीतून उतरायची, चपला हातात घ्यायची आणि अनवाणी पायांनी जमीन चाचपत पुढे चालायची. मोकळा हात पाठीमागे, बोटं हलत, येऊ द्या... येऊ द्या... आण्णा तिच्या पावलांवरून चाक आणायचे.

सावलीचीही बोटं हलत होती.

“आण्णा...”

“हळू बोल.”

“कधीपासून?”

“तेरावं झालं, आन् लगीच.” आण्णांची नजर वाटेवरून हटली नाही. “मला वाट कुठं दिसती पोरी? मी तिच्या मागनं येतो.”

दोन वर्षं, कधी गाडीत सोबत असली की, हर्षाली या माणसावर ओरडत होती, दाबा की जरा, बैलगाडी पुढे जाईल!

“बारक्या उजेडात ती सोता दिसायची गं,” आण्णा म्हणाले. “पाठमोरी. अंबाडा, कानातली कुडी... समदं. ह्या उजेडात नुसती सावली ऱ्हायली.”

गाडी चालत राहिली.

“उद्या परत जुने बसवू, आण्णा. चाचांकडेच पडलेत. सकाळीच जाऊ.”

आण्णांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

“नगं. ऱ्हाऊ दे. आता तुलाबी दिसतीया.”

आयुष्यात पहिल्यांदा हर्षालीने ‘का म्हणून’ विचारलं नाही.

उन्हाळ्यात तिने गाडी शिकून घेतली. चुलते म्हणाले, पोरीच्या जातीला शोभत नाही; तिने त्यांच्याच दारातून रिव्हर्स घेऊन दाखवला. दिवाळीपासून स्टिअरिंग तिच्याकडे आणि आण्णा शेजारी. हायवेला ती एसटीला मागे टाकायची. कालव्याला मात्र पहिला गिअर. भीती केव्हाच गेली होती. उलट एखाद्या दिवशी सावली उशिरा आली तर तीच काच खाली करून म्हणायची, “आई, चल ना गं.”

मग पौष आला. त्या संध्याकाळी थंडी होती, उसावर धुकं उतरलेलं. आण्णा शाल गुंडाळून डुलक्या घेत होते. वाट लागली, तिने लाइट मोठे केले, डावीकडे आई चालू लागली.

थोडं पुढे गेल्यावर हर्षालीच्या लक्षात आलं, उजव्या दिव्यापुढेही कुणीतरी आहे.

पुरुषाची सावली. डोक्याला टोपी, क्रेट वाहून वाहून उजवा खांदा खाली गेलेला. घाई नाही, थकवा नाही. आईच्या पावलाला पाऊल लावून चाललेली.

तिने झटकन शेजारी पाहिलं. आण्णा होते. शालीखाली छाती वरखाली होत होती. तिने त्यांचा हात धरला, ऊबदार होता.

“आण्णा... जागे आहात ना?”

“हं... आलं का घर?”

“नाही. अजून नाही.”

तिने पाय आणखी हलका केला. सावल्यांनीही चाल कमी केली. पण वाट ती केवढी? ऊस संपला, कालव्याची शेवटची मोरी आली, गोठा आला. गाडी दारात थांबली, इंजिन बंद झालं. समोरच्या भिंतीवर दोघं शेजारी शेजारी उभी होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

आण्णांनी डोळे चोळले आणि गाडीच्या दाराच्या कडीला हात घातला.

“लाइट बंद कर की. बॅटरी उतरंल.”

“बसा ना आण्णा,” हर्षालीने त्यांचा हात सोडला नाही. “बसा अजून जरा... काय घाई आहे?”