जाते म्हणू नये

कुरुंदवाडच्या आमच्या शाळेत दर गुरुवारी सातवीचं विज्ञान फिनलंडमधल्या एका शाळेबरोबर व्हायचं. जेवणाची सुट्टी संपली की भिंतीवर पडदा लावायचा आणि पडद्यावर त्यांचा वर्ग यायचा. तिकडं थंडीत तेव्हा अजून उजाडायचं असायचं. आवाज एक क्षण उशिरा पोचायचा, त्यामुळे दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायची. विषय पाण्याच्या अवस्था, भाषा इंग्रजी. विज्ञानापेक्षा हसणं जास्त व्हायचं, पण पोरं बोलायला लागली, हे खरं.

इकडच्या प्रत्येकाला तिकडचा एक जोडीदार होता. फक्त अनुजा उरली. आईवेगळ्या पोरीला मोठ्या बहिणीनं, आक्कानं वाढवलेलं. इंग्रजीचं नाव काढलं की हिच्या तोंडाला कुलूप.

तास संपला की पोरं ओरडायची, "आय ॲम कमिंग, मिस!" आपल्या 'येतो'चं सरळ भाषांतर. तिकडच्या हेल्मीबाई विचारायच्या, "कुठं येताय?" शेवटी मी सांगितलं, इंग्रजीत निघताना 'आय ॲम गोइंग' म्हणतात. सगळे शिकले. अनुजा तेवढी अडून बसली. "जाते म्हणायचं नसतंय सर. आक्का वरडती."

डिसेंबरात ती हळूच म्हणाली, "सर, मला बी जोडीदारीण गावली. खिडकीजवळच्या बाकावर बसती की."

मला बाक दिसलं, बाकावर कुणी नव्हतं. हेल्मीबाईंना विचारलं.

"ते आम्ही रिकामंच ठेवतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

त्यानंतर अनुजा बोलू लागली. पडद्याच्या त्या कोपऱ्यासमोर उभी राहून, तळं वरून कसं गोठतं आणि खाली पाणी कसं जागं राहतं, ते अस्खलित इंग्रजीत सांगायची. बर्फ फुटण्याआधी पायाखाली आवाज होतो, असंही एकदा म्हणाली. हे पुस्तकात नव्हतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जरा भीतीही वाटली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी शाळा सुटल्यावर ती दप्तर पाठीला लावून दारात थांबली.

"सर, जाते."

"येते म्हण, अनुजा."

"तुमीच शिकवलंय की सर," ती हसून म्हणाली आणि गेली.

ती घरी पोचली नाही. गावानं घाट पालथा घातला, नदीत होड्या घातल्या. काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच हेल्मीबाईंना कळवावं म्हणून मी पडदा लावला. आक्का सोबत आली होती. ऐकताच हेल्मीबाईंचा चेहरा उतरला आणि त्या मुख्याध्यापकांना बोलवायला धावल्या. तिकडची मुलं अजून यायची होती. दिवे लागलेला रिकामा वर्ग, बाहेर अंधार.

आक्का खिडकीजवळच्या बाकाकडं एकटक बघत होती. मला तिथं काही दिसलं नाही.

"अनुजा," ती म्हणाली, "ये की गं घरी."

आवाज नेहमीसारखा एक क्षण उशिरा आला.

"जाते, आक्का."