बाळासाहेबांच्या खुर्चीमागची बाई

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. मुग्धा आता कुणाची समजूत घालत बसत नाही, तेवढा धीर तिच्यात उरलेला नाही.

२००८ चा जुलै. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरातलं रिकार्टन. एका शाळेचा हॉल, रविवारची दुपार. बाहेर तिकडच्या हिवाळ्यातली बोचरी थंडी आणि आत मराठी मंडळाचा कार्यक्रम.

मुग्धा पाणसे तिथल्या हॉस्पिटलात नर्स. नवरा कुशल दोन वर्षांपूर्वी ॲक्सिडेंटमध्ये गेला. आता तिला शुभंकरशी लग्न करायचं होतं. आयटीतला, साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. पण मोठे दीर रवींद्र अडून बसले होते. "लोक काय म्हणतील?" हे एकच पालुपद. परक्या देशात हे एवढंच सासर, हेच माहेर. ते तोडून लग्न करायचं कसं?

आणि हे रवींद्र कोण? तर बाळासाहेब पाणश्यांचे पणतू! विधवांचं केशवपन बंद करा, त्यांची लग्नं लावून द्या, म्हणून ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात निबंधांवर निबंध लिहिले, ते विचारवंत बाळासाहेब. रवींद्रांच्या दर भाषणात 'आमचे पणजोबा' आलेच.

त्या बाळासाहेबांचं तैलचित्र सापडलं तेही मुग्धालाच.

तिच्या वॉर्डात एक आयरिश घराण्यातली आजी होती. आजीचे पणजोबा चित्रकार. तरुणपणी हिंदुस्थानात हिंडून मोठ्या लोकांची पोर्ट्रेट्स करायचे. मुग्धाच्या बॅजवरचं आडनाव वाचून आजी म्हणाली, "या नावाचा एक माणूस माझ्या गराजमध्ये पडलाय. घेऊन जा त्याला, डिअर. मला तो कधीच आवडला नाही."

चित्रात बाळासाहेब खुर्चीत बसलेले. पुणेरी पगडी, उपरणं, मांडीवर पुस्तक. मागे नुसता तपकिरी अंधार...

तर त्या दिवशी अनावरणाआधी समई लावायची होती. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "चित्र ज्यांनी मिळवलं, त्या मुग्धाताईच दीपप्रज्वलन करतील."

मुग्धा उठली.

रवींद्र लगबगीनं पुढे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मुग्धा, तू नको. शुभकार्य आहे. सवाष्णीनं लावलेली बरी. निवेदिता, तू ये."

निवेदिता म्हणजे त्यांची बायको.

विधवांसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाच्या चित्रापुढे हे असं. दोन हजार आठ साली. न्यूझीलंडमध्ये. आणि हॉलभर शिकलेसवरलेले लोक मूग गिळून बसले. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे. शुभंकर दुसऱ्या रांगेत होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

मुग्धाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती मागे सरली. का सरली, याचा तिला आजही संताप येतो.

निवेदितानं काडी ओढली. वात पेटेना...

पुन्हा ओढली... विझली.

आणि तो आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

डोक्यावरून वस्तरा फिरावा तसा. चित्राच्या मागून. पण चित्राच्या मागे तर भिंत होती.

"हीटर असेल," रवींद्र म्हणाले आणि समई तशीच ठेवून त्यांनी पडदा ओढला.

चित्र त्यांच्याच दिवाणखान्यात लागलं.

काही दिवसांनी भर दुपारी निवेदिताचा फोन. "येतेस का गं? लगेच. ह्यांना सांगू नकोस."

कार्पेटवर स्वच्छ ऊन पडलं होतं. त्या उन्हात, चित्राच्या बरोब्बर खाली... केस.

लांब, काळेभोर, ओले केस. पुंजकाच्या पुंजका.

निवेदिताचा तर बॉबकट. त्या घरात लांब केसांचं कुणीच नव्हतं.

"वर बघ," निवेदिता कुजबुजली.

खुर्चीमागच्या अंधारात एक चेहरा होता. कोवळी पोर. अंगावर तांबडं आलवण. डोकं तुळतुळीत. खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली होती.

मुग्धानं आजीला फोन लावला.

"ती होतीच तिथे," आजी म्हणाली. "त्याची विधवा बहीण. पणजोबांनी दोघांना रंगवलं होतं. त्या माणसानं चित्र पाहिलं आणि म्हणाला, हिला पुसा. पणजोबांनी पुसलं, पण चित्र त्याला दिलंच नाही."

ऐकलंत? निबंध जगासाठी, आणि घरात वस्तरा!

म्युझियममधला जाणकार म्हणाला, जुना तैलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो, खालचं वर दिसायला लागतं. होतं असं ढीगभर चित्रांत. बरं. मग केसांचं काय?

मुग्धा तिथूनच रवींद्रांसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, मी लग्न करतेय. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."

"या घराण्याचं नाव..."

खर्र...

रवींद्रांचा हात डोक्याकडे गेला. खाली आला तेव्हा मुठीत केस होते. त्यांचे स्वतःचे.

"कर," ते कसंबसं म्हणाले. "काय करायचं ते कर."

महिन्याभरात त्यांच्या डोक्यावर एक केस उरला नाही. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस.

ऑक्टोबरात लग्न झालं. निवेदिता चित्र घरात ठेवायला तयार नव्हती. रवींद्र म्हणाले जाळा. मुग्धानं ते आपल्याकडे आणलं. त्या पोरीला परत गराजमध्ये कोंडायची तिची छाती झाली नाही.

चित्रात आता तिचे केस कमरेपर्यंत आलेत. बाळासाहेबांची पगडी मांडीवर आहे. डोक्याचं मी सांगत नाही.

मुग्धाला वाटलं, फिटलं सगळं. आता ती शांत होईल.

पण तिच्या डोळ्यांतला राग तस्साच आहे. आधी ती खुर्चीकडे बघायची. आता जेवायच्या टेबलाकडे बघते. मुग्धानं टेबलाशी आपली जागा बदलून पाहिली. मुग्धाकडे नाही बघत ती.

परवा मुग्धानं न राहवून विचारलं, "त्या दिवशी हॉलमध्ये तू उठला का नाहीस?"

शुभंकरनं चहाचा कप खाली ठेवला. "अगं, सगळ्यांसमोर तमाशा कशाला? तुझ्याच भल्यासाठी गप्प बसलो."

चित्राकडे बघायचं मुग्धानं मुद्दाम टाळलं.

काल सकाळी त्याच्या उशीचा अभ्रा तिनं मागच्या अंगणात नेऊन झटकला. बराच वेळ झटकत होती. त्याला अजून तिनं सांगितलेलं नाही.